हिरवा ठिपका आणि दादीच्या शेवया

बारावीचा निकाल लागला त्या दिवशीच मुलीने जाहीर केले, की या वेळची पार्टी ती देणार. ईदच्या आधीच्या दोन रात्री मोहल्ल्यातल्या मुलींच्या हातांवर मेहंदी काढून तिने पैसे साठवले होते. आम्हाला वाटले, फार तर धुळे रोडच्या एखाद्या ढाब्यावर शेवभाजी आणि बाजरीची भाकरी होईल. पण तिने आधीच ठरवले होते. गावात नव्याने उघडलेले इटालियन उपाहारगृह! तिच्या मैत्रिणी तिथे जाऊन फोटो काढून आल्या होत्या.

आमचे चाळीसगाव रेल्वेचे जंक्शन. मुंबईहून भुसावळकडे जाणारी गाडी इथे थांबते, धुळ्याचा फाटा इथून फुटतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला गरम वडा आणि चहा देणारे गाव आता पिवळ्या दिव्यांखाली बसवून पास्ता देऊ लागले, यात वाईट काही नाही. मुलांची पिढी नवे चाखणारच. म्हणून आम्ही दोघे, मुलगी, धाकटा मुलगा आणि आमच्या वालिदा असे पाच जण मगरिबनंतर निघालो. वालिदांनी ईदचा दुपट्टा काढला होता.

मेनू सगळा इंग्रजीत. मुलीने दादीला वाचून दाखवला. एक मार्गारिटा पिझ्झा, एक चिकन पिझ्झा, व्हाइट सॉसचा पास्ता, लाल सॉसचा पास्ता आणि गार्लिक ब्रेड असे सांगितले. पाणी मागितले तर पोऱ्याने न विचारता बाटल्यांची झाकणे फोडली. त्यानंतर पाऊण तास काहीच आले नाही. आले तेव्हा सगळे एकदम आले, आणि निम्मे थंड होते.

पास्त्याचा गोळा झालेला. काट्याने एक उचलावा तर चार सोबत येत होते. पांढऱ्या सॉसला कच्च्या मैद्याचा वास होता आणि लाल सॉस गोड लागत होता, बाटलीतल्या सॉससारखा. पिझ्झ्याखालचा पाव जाड आणि मऊ, वरचे चीज रबरासारखे ताणले जायचे पण तोंडात विरघळायचे नाही. धाकट्याने तरी आवडीने खाल्ले. मुलगी प्रत्येक घासाला आमच्या चेहऱ्याकडे पाहत होती. तिच्या पैशांचे जेवण होते, त्यामुळे सगळे जण "छान आहे" म्हणत होते. वालिदांनी लाल पास्त्याचा एक तुकडा बोटात धरून उजेडात पाहिला आणि म्हणाल्या, "बेटा, या तर शेवयाच आहेत ना? फक्त नीट उकळल्या नाहीत."

दादीचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. पास्ता मार्को पोलोने चीनहून इटलीत नेला, असे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. मार्को पोलोचा जन्म १२५४ सालचा. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, ११५४ मध्ये, अल-इद्रीसी या मुसलमान भूगोलतज्ज्ञाने सिसिलीच्या रॉजर राजासाठी जगाच्या भूगोलाचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाचे वर्णन आहे. तिथे वाहत्या पाण्यावर गिरण्या चालत आणि 'इत्रिया' म्हणजे पिठाच्या सुक्या शेवया इतक्या बनत, की त्या जहाजांत भरून मुसलमानांच्या आणि ख्रिस्ती लोकांच्या मुलखांत पाठवल्या जात. सिसिलीवर त्याआधी सुमारे दोन शतके मुसलमानांचे राज्य होते. उन्हाळ्यात गच्चीवर चादर अंथरून शेवया वाळवणारी आमची दादी आणि त्राबियाचे ते कारागीर एकाच धंद्यातले! चांगल्या पास्त्याला लागतो तो कडक, पिवळसर ड्युरम गहूही आपल्याला परका नाही. आपल्याकडचा बन्सी गहू त्याच जातीचा. टोमॅटो मात्र इटलीचा नव्हे. तो अमेरिकेतून आला, जशी आपल्या शेवभाजीतली मिरची आली.

म्हणजे इटालियन जेवण ही काही जादू नाही. पास्ता भरपूर खारवलेल्या पाण्यात उकळतात आणि मध्ये किंचित कडक असतानाच काढतात. इटलीत त्याला 'अल देन्ते' म्हणतात, दाताला लागेल असा. बिर्याणीचा तांदूळ आपण एक कणी ठेवून उतरवतो, तसेच. नेपल्सचा पिझ्झा साडेचारशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या लाकडाच्या भट्टीत जेमतेम दीड मिनिट राहतो. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेची युनेस्कोने २०१७ मध्ये वारसा म्हणून नोंद केली. छोट्या गावात तशी भट्टी कोणी मागत नाही. पण शेवया नीट उकळणे तर भट्टीवाचूनही जमते.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. मागवण्यापूर्वी मुलांच्या अम्मीने पोऱ्याला हळू आवाजात दोन प्रश्न विचारले. चिकन हलाल आहे का, आणि सॉसमध्ये वाइन वगैरे घालता का? तो गोंधळला. "मॅडम, पास्ता पूर्ण व्हेज आहे," म्हणाला आणि मेनूवरचा हिरवा ठिपका दाखवू लागला. शेजारच्या टेबलावरच्या माणसांनी वळून पाहिले, तशी मुलीने मान खाली घातली. त्या मुलाची चूक नव्हती. पण हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो, मद्याबद्दल तो काही बोलत नाही. इटालियन स्वयंपाकात कित्येक सॉसमध्ये वाइन पडते, आणि तिरामिसू नावाच्या गोडात मार्साला ही दारू घालण्याची पद्धत आहे. पेपरोनी मुळात डुकराच्या मांसाची असते, जरी आपल्याकडे चिकनचीही मिळते. अस्सल पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, तसा त्याचा नियमच आहे. त्यावर उलमांमध्ये मतभेद आहेत आणि फतवा देणे आमचे काम नव्हे. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्याच्या चीजमध्ये प्राण्याचे रेनेट चालत नाही, ही त्या ठिपक्याची सोय. तेव्हा विचारावे लागते आणि विचारण्यात शरम नाही, हे मुलीला त्या रात्री समजावता आले नाही. शेवटी मालकाने काउंटरवरून चिकनच्या दुकानाचे नाव सांगितले. दुकान आमच्या माहितीचे निघाले, म्हणून चिकन पिझ्झा मागवला.

मग बिल आले. खाण्याचे १,१८० रुपये, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, त्या सगळ्यावर ५ टक्के जीएसटी. एकूण १,३६३ रुपये. मुलीने पर्समधून शंभराच्या नोटा मोजायला सुरुवात केली. आम्ही बिल हातात घेतले तशी ती पुटपुटली, "अब्बू, प्लीज, इथे नको." आम्ही गप्प बसलो. घरी येताना रिक्षात कोणी बोलले नाही.

ते गप्प बसणे बरोबर होते का, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात राहिला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कधीही जेवणाला नावे ठेवली नाहीत, आवडले तर खाल्ले, नाही तर बाजूला ठेवले. हे लहानपणापासून आमच्या दस्तरखानावर ऐकत आलो आहोत, आणि घरात मीठ कमी पडले तरी कोणी तोंड उघडत नाही. पण ही हदीस सांगणारे अबू हुरैरा (रजि.) दुसरीही एक सांगतात. बाजारात धान्याच्या ढिगात प्रेषितांनी (स.) हात घातला, तर आतले धान्य ओले. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. तेव्हा त्यांनी विचारले, मग ओले वर का नाही ठेवले, लोकांना दिसले असते; आणि फसवणारा आपल्यातला नाही, असे बजावले. दोन्ही हदीस एकाच रावीच्या. अन्नाला नावे न ठेवणे हा अदब आहे. व्यवहारातले लपवणे ही वेगळी बाब, तिथे अदबीच्या नावाने गप्प बसणे म्हणजे दुकानदाराच्या सवयीला हातभार.

कायदाही ग्राहकाच्या बाजूला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितले, की हॉटेलांनी सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावू नये. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. चार्ज काढायला नकार मिळाला तर १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. बिलावर अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक असायला हवा, तोही पाहावा. चीजचे म्हणाल, तर दुधाऐवजी वनस्पती तेलापासून केलेल्या पदार्थाला चीज म्हणून विकता येत नाही. २०२४ मध्ये आपल्याच राज्यात, अहमदनगरला, एका मोठ्या विदेशी साखळीच्या शाखेवर अन्न व औषध प्रशासनाने यावरूनच कारवाई केल्याच्या बातम्या आल्या होत्या.

महिन्याभराने आम्ही पुन्हा गेलो, फक्त मुलगी आणि आम्ही. थोडेच मागवले. पास्ता या वेळीही तसाच होता. खाऊन होत आले तोच स्वयंपाकघराच्या दारातून टोपी घातलेला एक मुलगा डोकावला आणि धावत आला. "सर, ओळखलं का?" आमच्या वर्गातलाच. दहावीनंतर शाळा सुटली होती, उर्दू अक्षर मोत्यासारखे होते त्याचे. स्वयंपाक मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकला होता. "कसं झालं सर, खरं सांगा."

खरे काय सांगावे? मुलगी पुन्हा आमच्या चेहऱ्याकडे पाहत होती. आम्ही विचारले, पास्ता कधी उकळतोस? तो म्हणाला, सकाळी दहाला, सगळा एकदम, मग फ्रीजमध्ये. रात्री सॉसमध्ये गरम करतो. मालक म्हणतात गॅस जास्त जातो. चीजही त्याने हळूच सांगितले, अर्धे खरे, अर्धे स्वस्तातले. आम्ही त्याला बिर्याणीच्या तांदळाचा दाखला दिला. तो हसला. "अम्मी पण हेच सांगते सर. पण एका प्लेटसाठी पाणी उकळायला कोण देतं?"

बिलात सर्व्हिस चार्ज होताच. या वेळी मुलीनेच काउंटरवर जाऊन सांगितले, की हा आम्हाला द्यायचा नाही. मालकाने क्षणभर पाहिले, काही न बोलता नवे बिल काढले. ती परत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

बाहेर पडताना तो मुलगा मागच्या दाराने रस्त्यावर आला. म्हणाला, "सर, चीजचं मी सांगितलं असं कुठं बोलू नका. घरी बहिणीचं लग्न आहे." म्हणून या लेखात त्या जागेचे नाव नाही, आणि ते कोणत्या रस्त्यावर आहे तेही आम्ही लिहिलेले नाही.