कन्याकुमारीचा लाल पडलेला फोटो

सकाळी ६. आमच्या भरे गावातून पिरंगुटकडे गाड्या सुरू झाल्या की धूळ घरात येते, म्हणून स्कॅनिंग त्याआधी उरकतो. प्रिंटवर हलकेच ब्लोअर मारायचा. ओला बोळा फिरवला तर इमल्शन सुटून येऊ शकतं. आजचा फोटो शेजारच्या आजींच्या यात्रेचा, ४ बाय ६ इंचाचा. ६०० डीपीआयला ३६०० बाय २४०० पिक्सेल मिळतात. मूळ स्कॅन टिफमध्ये ठेवतो आणि त्याला पुन्हा हात लावत नाही.

सकाळी ८. फोटो नुसता लाल झालाय. जुन्या रंगीत प्रिंट अल्बमात मिटून ठेवल्या तरी त्यांतला सायन रंग आधी उडतो, लाल तेवढा मागे राहतो. ऑटो कलरने हे निस्तरत नाही. लाल, हिरवा, निळा असे तिन्ही चॅनेल वेगवेगळे उघडून कर्व्ह बसवावे लागतात. आजोबांच्या टोपीवर पांढऱ्याचा ड्रॉपर ठेवला, तर समुद्र खुलला पण चेहरे निळे पडले. टोपीवर संध्याकाळचं ऊन होतं, ती पांढरी कशी असेल? थोडा पिवळा परत दिला, तेव्हा माणसं जिवंत वाटू लागली.

सकाळी ११. लाईट गेली. यूपीएसवर फाईल सेव्ह केली, जेवून घेतलं.

दुपारी १२. ओरखडे. धूळ काढणारा फिल्टर वाढवला की पाण्यावरचा एक काळा ठिपका गायब होतो. ४०० टक्के मोठा करून पाहिला, तर होडी! फिल्टर बंद केला. आता हीलिंग ब्रशने एकेक डाग हातानेच, तास लागोत कितीही.

दुपारी ३. आजींचा नातू आला. "दादा, एआयने चेहरे एचडी करा ना. आणि मागे तिरुवल्लुवरांचा पुतळा पण टाका."

दोन्हीला नाही म्हणालो. एआय ज्या पापण्या आणि दात काढून देतं, ते फिल्मवर कधी उमटलेच नव्हते. आजोबांचा चेहरा आजींना पाठ आहे, त्यांना उसना चेहरा कसा देऊ? आणि पुतळा? एकनाथ रानड्यांनी उभं केलेलं विवेकानंद स्मारक १९७० मध्ये खुलं झालं, तिरुवल्लुवरांच्या पुतळ्याचं अनावरण १ जानेवारी २००० ला. फोटोत स्मारक आहे आणि पुढे पुतळा उभा राहिला तो शेजारचा खडक मोकळा, बांधकामाची खूणसुद्धा नाही. यात्रेचा काळ सांगणारा तेवढाच पुरावा फोटोत आहे, प्रिंटमागे काही लिहिलेलं नाही. त्याला ते पटलं. खडक मोठा करून बघत बसला.

संध्याकाळी ५. आजी आल्या. बराच वेळ स्क्रीनकडे पाहून म्हणाल्या, "बाळा, माझं लुगडं काळं नव्हतं रे. हिरवं होतं, बाटलीसारखं."

कर्व्हमध्ये हे कळायला मार्ग नव्हता. लुगड्यापुरता मास्क करून सावल्यांमधला लाल उतरवत गेलो. "हां, आता बरोबर," म्हणाल्या, आणि मुलींसाठी दोन जास्तीच्या प्रती सांगून गेल्या.