एका फुफ्फुसाच्या मुलाची धाप



मागील सभेनंतर एका ज्येष्ठ भगिनींनी नातवाविषयी मला विचारले, "डॉक्टरसाहेब, एक फुफ्फुस काढल्यावर धाप लागायचीच ना?" त्याचे उत्तर आज सर्वांसमोर देतो.

जन्मजात दोष, वारंवार होणारा जंतुसंसर्ग किंवा गाठ यांमुळे क्वचित मुलाचे एक फुफ्फुस संपूर्ण काढावे लागते. उरलेल्या फुफ्फुसावर मूल शाळेत जाऊ शकते, खेळू शकते. म्हणूनच काही महिन्यांनी वा वर्षांनी धाप वाढत गेली, श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर "चालायचेच" म्हणून स्वस्थ बसू नये.

छातीतील मोकळी जागा मोकळी राहत नाही. उजवे फुफ्फुस काढले की हृदय व मोठ्या रक्तवाहिन्या उजवीकडे सरकतात आणि काहीशा वळतात. डावे फुफ्फुस फुगून त्यांच्यापुढून उजवीकडे जाते. मुलांच्या ऊती लवचीक असल्याने हे सरकणे अधिक होते. त्यामुळे डावी मुख्य श्वासनलिका ताणली जाऊन पुढील फुफ्फुसधमनी आणि मागील महाधमनी किंवा पाठीचा कणा यांमध्ये चेपते. फुफ्फुस निरोगी, वाट मात्र अरुंद!

मी पाहिलेल्या एका मुलीला दोन वर्षे दम्याची औषधे चालू होती. गुण येईना. अखेर सी.टी. स्कॅन आणि श्वासनलिकेची दुर्बिणीतून तपासणी झाली, तेव्हा खरे कारण दिसले.

यावर उपाय शस्त्रक्रियेचा. शल्यचिकित्सक हृदय शक्य तितके मध्यभागी आणतात आणि मोकळ्या पोकळीत सिलिकॉनची पिशवी ठेवून तिच्यात सलाइन भरतात. पाणी कमी पडले तर नलिका खुलत नाही. जास्त झाले तर हृदयावर दाब येतो. म्हणून ते बेताने भरतात. मूल वाढते, छाती वाढते. तेव्हा त्वचेखाली बसविलेल्या लहानशा झडपेतून सुईने आणखी सलाइन घालता येते.

मात्र नलिका फार काळ चेपलेली राहिली तर तिची कूर्चा मऊ पडते. मग केवळ पिशवी पुरेशी ठरेलच असे नाही. महाधमनी पुढे ओढून बांधणे किंवा नलिकेत आधाराची जाळी बसविणे असे अवघड उपाय करावे लागतात. वाढत्या वयात ती जाळी पुढे अपुरी पडते.

तेव्हा त्या भगिनींना माझे सांगणे एवढेच : आपल्या कुपत-खोलीमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "नातवाची श्वासनलिका चेपली आहे का, हे पाहिले आहे का?" ती मुलगी आज जिना न थांबता चढते.