टक्का शेवटी विचारा

कार्डाचं मशीन विकायला येणारा मुलगा दुकानाची पायरी चढतो तो तोंडात आकडा घेऊनच. एक पॉइंट आठ टक्के. ‘साहेब, फक्त तुमच्यासाठी’ एक पॉइंट सहा. दुकानदार त्या आकड्यावर घासाघीस करतो, आणखी दोन दशांश खाली आणतो आणि बाजी मारल्यासारखी सही ठोकतो. कोल्हापुरात महाद्वार रोड, गुजरी, चप्पल लाइन इथल्या छोट्या दुकानांचे जीएसटीचे हिशेब मी लिहिते. त्या सहीचं पुढे काय होतं, ते बँकेच्या उताऱ्यावर मला वाचायला मिळतं. म्हणून कुणी विचारलं, ‘ताई, सगळ्यात कमी टक्का कुणाचा?’ की मी म्हणते, ते शेवटी बघू. आधी तीन महिन्यांची बिलं काढा.

कार्ड लावल्यावर जी रक्कम कापली जाते तिला एमडीआर म्हणतात. ती सगळी मशीनवाल्याच्या खिशात जात नाही. मोठा वाटा ग्राहकाला कार्ड देणाऱ्या बँकेचा, थोडा व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेसारख्या जाळ्याचा, आणि उरलेला आपल्याला मशीन देणाऱ्याचा. क्रेडिट कार्डावर ग्राहकाला मिळणारे पॉइंट, विमानतळावरचं लाउंज, यांचा बराचसा खर्च त्या पहिल्या वाट्यातून निघतो. मुंबईच्या पाहुण्याने लाउंजमध्ये घेतलेल्या कॉफीचे दोन घोट आपल्या चप्पलवाल्याच्या खात्यावर असतात, असं मी गमतीने म्हणते. त्याला काही हसू येत नाही.

सगळी कार्डं सारखी नसतात, आणि बिलं काढायला सांगायचं कारण तेच. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर 1 जानेवारी 2020 पासून एमडीआर शून्य आहे. इतर डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेने 2018 पासून मर्यादा घातली आहे. आदल्या वर्षीची उलाढाल 20 लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त 0.40 टक्के, आणि एका व्यवहाराला 200 रुपयांच्या वर नाही. उलाढाल त्याहून मोठी असेल तर 0.90 टक्के आणि 1000 रुपये. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, तिथे भाव बोलून ठरतो. गुजरीतल्या सराफाला हा फरक कुणी शिकवावा लागत नाही. दोन लाखांचा दागिना डेबिट कार्डावर गेला तर हजार रुपयांवर भागतं, क्रेडिटवर गेला तर 1.8 टक्क्यांनी 3600 जातात. ‘कार्डावर दोन टक्के जास्त’ ही पाटी तिथूनच आली. पण डेबिट कार्डावरचा एमडीआर ग्राहकाच्या माथी मारायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पाटी काढा, असं सांगून मी दमले.

क्यूआर कोड फुकट, हा समजही अर्धाच खरा. 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. ग्राहक नेहमीसारखा कोड स्कॅन करतो, पैसे मात्र क्रेडिट कार्डातून येतात. लहान दुकानदाराला दोन हजारांपर्यंत त्यावर काही लागत नाही, त्यापुढे कापलं जातं. उताऱ्यावर ते दिसलं की फोन येतो, ‘ताई, यूपीआयचे पैसे कमी कसे आले?’

आता हिशेब करू. समजा एका चप्पलवाल्याची कार्डावरची विक्री महिन्याला एक लाख आहे: 15,000 रुपे डेबिट, 25,000 इतर डेबिट, 60,000 क्रेडिट. उलाढाल 20 लाखांच्या वर आहे आणि बिलं सगळी दोन हजारांपुढची धरली आहेत, कारण दोन हजारांपर्यंतच्या कार्ड व्यवहाराच्या एमडीआरवर जीएसटी लागत नाही. डेबिटचे 225 रुपये दोन्हीकडे सारखेच. पहिला विक्रेता क्रेडिटला 1.8 टक्के मागतो आणि मशीनचं भाडं 400. दुसरा मागतो 1.6 टक्के, भाडं 800. पहिल्याकडे 225, 1080 आणि 400 मिळून 1705, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 2012 रुपये. दुसऱ्याकडे 225, 960 आणि 800, म्हणजे 1985, जीएसटीसकट 2342. कमी टक्केवाला महिन्याला 330 रुपयांनी महाग! कार्डावर पाच लाख विकणाऱ्याला मात्र दुसराच परवडेल. म्हणून शेजाऱ्याने घेतलं तेच मशीन घेण्यात अर्थ नसतो. त्याच्या गल्ल्यात काय येतं ते आपल्या गल्ल्यात येत नाही.

त्यातला जीएसटी नेहमीच्या पद्धतीत नोंदलेल्या दुकानाला वजावटीत परत मिळतो. कंपोझिशन योजनेत असलेल्याला मिळत नाही, त्याला तो पूर्ण खर्चच. मशीन विकणाऱ्या मुलाला यातलं काही ठाऊक नसतं, आणि त्याचा तरी काय दोष.

आता भाड्याकडे. ‘भाडं शून्य’ असं ऐकलं की मी करार मागवते. बारीक अक्षरात कुठेतरी किमान उलाढालीची अट सापडते: महिन्याला अमुक इतकी विक्री मशीनवर झाली नाही तर दंड. कपड्याच्या दुकानाला ती झेपेल. चप्पल लाइनला नाही. जून ते सप्टेंबर कातड्याची कोल्हापुरी चप्पल पायात घालून कोण हिंडणार? चार महिने दुकान उघडं असतं ते सवयीने. वर्षाची सरासरी काढून अट मान्य करणारे इथेच फसतात. कर्जाचंही तेच. वर्षभर मशीन चाललं की कंपनीकडून ‘तुम्हाला दोन लाख मंजूर’ असा निरोप येतो, आणि हप्ता रोजच्या जमेतून परस्पर कापला जातो. काही कंपन्यांना मशीनपेक्षा हे कर्जच खपवायचं असतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. घेऊ नका म्हणत नाही, पण वर्षाचा व्याजदर लेखी मागा. दिवसाला किती कापणार, या उत्तरावर समाधान मानू नका.

पैसे खात्यात कधी येतात, ही दुसरी गोष्ट. ‘दुसऱ्या दिवशी’ असं सगळेच सांगतात. अंबाबाईच्या दर्शनाला येणारी गर्दी शनिवार-रविवारची. शनिवारची विक्री रविवारी जमा होणार की सोमवारी, की मंगळवारी? सोमवारी सकाळी कातडेवाला दारात उभा असतो, त्याला दुसरा दिवस कसा मोजायचा यात रस नसतो. आणि जमा कुठल्या खात्यात होते तेही बघा. जानेवारी 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा ज्यांची जमा त्या बँकेतल्या खात्यात होत होती त्या दुकानदारांना ती दुसऱ्या बँकेत वळवावी लागली. आपलं नेहमीचं चालू खातं बरं.

जमा होते ती रक्कम कापून होते. 10,000 विकले आणि 9,800 आले, तर विक्री 10,000 लिहायची आणि उरलेले खर्चात. बरेच जण 9,800 लिहितात आणि मार्चमध्ये माझ्यापुढे तो गुंता ठेवतात. म्हणून रोजचा तपशील एक्सेलमध्ये देणारी कंपनी मला आवडते. हा माझा स्वार्थ.

ऑनलाइनचं दुकान निराळं. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा गावात तावातावाने चर्चा झाली. परदेशी गिऱ्हाइकाचे पैसे घ्यायचे कसे, हा विषय त्यात माझ्या कानावर आला नाही. परदेशी कार्डाचा दर देशी कार्डापेक्षा चढा असतो. शिवाय आपल्याकडे ऑनलाइन व्यवहाराला ओटीपी लागतो, तसा प्रत्येक परदेशी कार्डाला लागत नाही. कार्डवाला महिन्याने म्हणाला, ‘ही खरेदी मी केलीच नाही’, तर त्याची बँक पैसे परत मागते. याला चार्जबॅक म्हणतात. तेव्हा बिल, कुरिअरची पोच आणि गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं ठरलेल्या मुदतीत दाखवता आलं नाही तर चप्पलही गेली आणि पैसेही. त्यामुळे ऑनलाइन कंपनी निवडताना चार्जबॅक आल्यावर कळवणार कसं आणि उत्तराला किती दिवस देणार, हे आधी विचारा. कंपनीला पेमेंट अ‍ॅग्रिगेटर (दुकानदारांच्या वतीने पैसे गोळा करणारी कंपनी) म्हणून परवानगी आहे का, ते रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत बघता येतं.

चप्पल लाइनमधल्या एका दादांनी गेल्या दिवाळीआधी हे सगळं ऐकून घेतलं आणि दुकानासाठी आपल्याच बँकेचं मशीन घेतलं. दर 1.8 टक्केच, त्यावर त्यांनी एक शब्द काढला नाही. ऑनलाइनसाठी वेगळी कंपनी, महिन्याचं भाडं नसलेली, म्हणजे ऑर्डर नसली तर खर्चही नाही. बँकेच्या करारातली किमान उलाढालीची अट मात्र जून ते सप्टेंबर माफ, असं त्यांनी शाखेच्या लेटरहेडवर लिहून घेतलं. मॅनेजरांना पावसाळ्यात कुठली पादत्राणं घालता, असं विचारून. मला हे सुचलं नसतं.