रंगयोजना, वऱ्हाडातील

रंगयोजना : दृश्य अभिकल्पात रंगांची निवड, त्यांचे परस्परप्रमाण व मांडणी हेतुपूर्वक ठरविण्याच्या क्रियेस ‘रंगयोजना’ म्हणतात. रेषा, आकार, पोत व अवकाश यांप्रमाणेच रंग हा अभिकल्पाचा मूलघटक असला, तरी त्याचे स्वरूप सर्वांत चंचल आहे. चौकोन कोठेही ठेवला तरी चौकोनच राहतो. लाल रंग मात्र शेजार बदलताच निराळा भासतो. म्हणून एखादा रंग स्वभावतः सुंदर किंवा कुरूप मानणे फारसे उपयोगाचे नाही. तो कोणाशेजारी, किती क्षेत्रावर व कोणत्या प्रकाशात वापरला आहे, यावर त्याची परिणामकारकता अवलंबून असते.

रंगाचे तीन गुणधर्म मानले जातात : तांबडा, पिवळा, निळा इ. भेद दर्शविणारी रंगछटा; त्याचा उजळपणा वा गडदपणा; आणि त्याची तीव्रता. अमेरिकन चित्रकार ॲल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ मध्ये या तीन गुणधर्मांवर आधारलेली रंगलेखनपद्धती प्रसिद्ध केली. नवशिक्याचे लक्ष बहुधा रंगछटेकडेच असते. प्रत्यक्षात आकृती पार्श्वभूमीपासून वेगळी दिसते ती मुख्यतः उजळपणातील अंतरामुळे. लाल-हिरव्यातील भेद ज्यांना नीट जाणवत नाही, त्यांच्या दृष्टीने तर हे अंतरच निर्णायक ठरते. अकोला व अमरावती येथून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ (पूर्वीचा क्र. ६) वरील दगडांचा माथा पिवळा, खालचा भाग पांढरा व अक्षरे काळी असतात, राज्यमार्गावरील दगडांचा माथा हिरवा असतो. येथे रंगछटा मार्गाचा प्रकार सांगते, तर वाचनीयतेची जबाबदारी काळ्या-पांढऱ्याच्या विरोधावर सोपविलेली आहे. ही कामाची वाटणी उत्तम रंगयोजनेची द्योतक होय.

शेजारच्या रंगांचा परिणाम शास्त्रशुद्ध रीतीने प्रथम तपासला तो विणकामाच्या संदर्भात. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यातील रंजन विभागाचे प्रमुख मीशेल शव्हरल यांच्याकडे काळे सूत फिके असल्याची तक्रार आली होती. दोष सुतात नसून शेजारच्या निळ्या-जांभळ्या रंगांत आहे, असे त्यांना आढळले व १८३९ मध्ये त्यांनी युगपत् विरोधाचा नियम ग्रंथरूपाने मांडला. जर्मन शास्त्रज्ञ व्हिल्हेल्म फोन बेझोल्ट यांनी पुढे दाखवून दिले, की रंगपट्टे फार अरुंद असले म्हणजे उलट घडते. रंग परस्परांपासून दूर न सरता एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात.

अकोला जिल्ह्यातील अकोट हे गाव सुती सतरंज्यांसाठी प्रसिद्ध आहे. सतरंजीत बाणा ताण्याला झाकून टाकतो; त्यामुळे रंगाचा सारा भार बाण्यावर पडतो आणि आडवे पट्टे सहज साधतात. रुंद लाल पट्ट्याशेजारी रुंद हिरवा पट्टा आला, तर दोन्ही अधिक तेजस्वी भासतात. तेच रंग एकेका धाग्याने आलटूनपालटून विणले, तर चार हातांवरून मळकट तपकिरी दिसतात. पट्ट्यांमधून पांढरा धागा खेळविल्यास सर्व वीण उजळते, काळा खेळविल्यास गडद होते. एका सुताच्या बदलाने अख्खी सतरंजी बदलते, हे कारागिराला कोणताही ग्रंथ न वाचता ठाऊक असते.

वऱ्हाडात पूर्वी लाल रंगासाठी ‘आल’ या झुडपाची लागवड होत असे. लागवडीनंतर सुमारे तिसऱ्या वर्षी मुळे खणून त्यांच्या सालीतील रंग काढीत. कापडावर तुरटीचा संस्कार केल्यास तो लाल उठे, लोहक्षाराने काळपट होई. वह्यांची वेष्टने व पिशव्या यांसाठी वापरला जाणारा जाडाभरडा खारवा या रंगाचा असे. १८६८ मध्ये कृत्रिम ॲलिझरीन तयार झाले आणि स्वस्त रंगांपुढे आलीची शेती टिकली नाही. कृत्रिम रंगांनी विणकराला छटांची विपुलता दिली, हे खरे. पण एकाच मुळापासून व थोड्याशा क्षारांपासून निघणाऱ्या रंगांत जो आपोआप मेळ असे, तो आता त्याला जाणीवपूर्वक साधावा लागतो. पुष्कळ आधुनिक सतरंज्यांतील भडकपणा हा रासायनिक रंगाचा दोष नसून, सर्वच रंग सारख्या तीव्रतेने व सारख्या क्षेत्रावर वापरल्याचा परिणाम आहे.

प्रमाणाचा विवेक पोळ्याच्या बैलात उत्तम दिसतो. श्रावण अमावास्येस पांढऱ्या अंगावर गेरूचे ठिपके, शिंगांना बेगड व रंग, कपाळी बाशिंग, पाठीवर झूल असा हा साज असतो. तीव्र रंग शिंगे, कपाळ व पाठ येथे एकवटतात; उरलेले पांढरे अंग त्यांना उठाव देते. काळ्या जमिनीच्या व रखरखीत उन्हाच्या या प्रदेशात फिकट मिश्रछटा उन्हात विरून जातात, तेव्हा असे ठळक विरोधच उपयोगी पडतात.

याच्या उलट परिस्थिती अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यांची. क्र. १६ चे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने इ. स. पाचव्या शतकात खोदविले. हरिषेणाच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम; ते १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. तेथील चित्रकारांजवळ गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी व पांढरा अशी मोजकीच द्रव्ये होती. लाजवर्दाचा निळा तेवढा दूरदेशीचा. मातीच्या रंगांत तीव्रता कमी असल्याने ते एकमेकांशी भांडत नाहीत. क्र. १ च्या लेण्यातील पद्मपाणीची उजळ काया सभोवारच्या गडद गर्दीतून पुढे येते ती उजळपणाच्या बळावर. निळा वापरला आहे तो हात राखून, आणि म्हणूनच तो लक्ष वेधतो.