गोपनीय कागद न्यायालयात येतो तेव्हा

बुलढाणा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा विभागलेला असला, तरी उच्च न्यायालयाची पायरी दोन्हीकडच्या लोकांसाठी एकच आहे: मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ. विदर्भातल्या अकराही जिल्ह्यांचे खटले तिथे जातात. त्यामुळे शासकीय गुपितांविषयी हे खंडपीठ जे म्हणते, ते बुलढाणा, खामगाव, मेहकर आणि मलकापूरच्या वकिलांनी बारकाईने वाचले पाहिजे. गेल्या काही वर्षांत तिथे असे दोन महत्त्वाचे खटले झाले.

पहिला वर्ध्याचा. २०१८ मध्ये शेजाऱ्याशी झालेल्या वादातून एक नागरिक पोलिस ठाण्यात गेला. तिथल्या बोलण्याचे मोबाइलवर चित्रीकरण केले, म्हणून त्याच्यावर थेट शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा दाखल झाला. २०२२ मध्ये खंडपीठाने तो रद्द केला. या कायद्यात ‘प्रतिबंधित ठिकाण’ कोणते, याची व्याख्या दिलेली आहे. त्या व्याख्येत पोलिस ठाणे बसत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले.

दुसरा खटला फार गंभीर होता. ब्राह्मोस क्षेपणास्त्र प्रकल्पाच्या नागपूर केंद्रातील एका अभियंत्याला ऑक्टोबर २०१८ मध्ये अटक झाली. समाजमाध्यमांवरच्या बनावट खात्यांनी त्याला जाळ्यात ओढले आणि गोपनीय माहिती पाकिस्तानकडे गेली, असा आरोप होता. जून २०२४ मध्ये नागपूरच्या सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. डिसेंबर २०२५ मध्ये खंडपीठाने हेरगिरीचे गंभीर आरोप सिद्ध झाले नसल्याचे सांगून ती शिक्षा रद्द केली. गोपनीय कागदपत्रांच्या बाबतीतला कमी गंभीर गुन्हा आणि त्याची तीन वर्षांची शिक्षा मात्र कायम राहिली. एकाच पुराव्यावर एका न्यायालयाने जन्मठेप दिली आणि दुसऱ्याने तीन वर्षे. गोपनीय पुरावा काटेकोरपणे तपासणे किती गरजेचे आहे, हे याहून ठळकपणे कशाने दिसावे?

शंभर वर्षांचा कायदा

शासकीय गुपिते अधिनियम हा कायदा १९२३ चा, म्हणजे इंग्रजांच्या अमदानीतला. त्याचे कलम ३ हेरगिरीविषयी आहे आणि संरक्षणाशी संबंधित प्रकरणात त्याखाली १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ५ गुपित अनधिकृतपणे बाळगणे, दुसऱ्याला देणे किंवा निष्काळजीपणे सांभाळणे याविषयी आहे. त्याची कमाल शिक्षा तीन वर्षे. मात्र कोणता कागद ‘गुप्त’ मानायचा, याची व्याख्या या कायद्यात कुठेही नाही. फायलीवर ‘अतिगोपनीय’ किंवा ‘गोपनीय’ असा शिक्का मारतो तो अधिकारी, आणि तोही प्रशासकीय सूचनांच्या आधारे. त्या शिक्क्याने गुन्हा सिद्ध होत नाही.

आरोपीच्या संरक्षणाची तरतूदही याच कायद्यात आहे. कलम १३ प्रमाणे शासनाच्या आदेशाने किंवा अधिकाराने तक्रार दाखल झाल्याशिवाय न्यायालय खटल्याची दखल घेऊ शकत नाही. कलम १४ प्रमाणे सरकार पक्षाच्या अर्जावरून सुनावणी बंद दाराआड होऊ शकते, पण शिक्षा सुनावताना दार उघडेच ठेवावे लागते. अशा आरोपीचे वकीलपत्र घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी ही दोन कलमे काढून वाचावीत.

गजेंद्रगडकरांपासून चंद्रचूडांपर्यंत

कागद सरकारच्या ताब्यात असेल आणि तो हजर करायला सरकार नकार देत असेल, तर काय करायचे? जुन्या पुरावा अधिनियमाच्या कलम १२३ प्रमाणे राज्यकारभाराशी संबंधित अप्रकाशित कागदांचा पुरावा विभागप्रमुखाच्या परवानगीशिवाय देता येत नसे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हीच तरतूद कलम १२९ मध्ये आहे. या तरतुदीचा अर्थ कसा बदलत गेला, हे पाहताना मराठी माणसे पुन्हा पुन्हा भेटतात.

पेप्सू (पतियाळा व पूर्व पंजाब संस्थानांचा संघ) या तेव्हाच्या राज्यातले जिल्हा व सत्र न्यायाधीश सोढी सुखदेव सिंग यांना १९५३ मध्ये नोकरीवरून दूर करण्यात आले. दाद मागताना त्यांनी लोकसेवा आयोगाचा अहवाल आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीचे कागद मागितले. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा बहुमताचा निकाल न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. कागद राज्यकारभाराचा आहे की नाही, याची चौकशी न्यायालय करील, पण तो कागद स्वतः उघडून पाहणार नाही, असे त्यांनी ठरवले. त्याचबरोबर कागद रोखण्याचा विशेषाधिकार मागणाऱ्या मंत्र्यावर किंवा सचिवावर एक बंधनही घातले. प्रत्येक कागद आपण स्वतः वाचला आहे आणि तो उघड झाल्यास सार्वजनिक हिताला बाधा येईल अशी आपली खात्री झाली आहे, असे शपथपत्र त्याने द्यायचे. हे बंधन आजही मोलाचे आहे, कारण छापील साच्यातले शपथपत्र न्यायालयात टिकवणे त्यामुळे अवघड झाले.

इंदिरा गांधींच्या निवडणूक खटल्यात राज नारायण यांनी पंतप्रधानांच्या दौऱ्यातील सुरक्षेची नियमपुस्तिका मागितली. गरज वाटल्यास न्यायाधीशांनी ती स्वतः पाहावी आणि जेवढा भाग निर्धोक असेल तेवढा खुला करून बाकीचा झाकून ठेवावा, अशी वाट सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये मोकळी केली. १९८१ च्या एस. पी. गुप्ता खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. एका न्यायाधीशाला मुदतवाढ का नाकारली, याविषयी कायदामंत्री, दिल्लीचे मुख्य न्यायाधीश आणि सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्यात झालेला पत्रव्यवहार न्यायालयाने उघड करायला लावला. देशाच्या सरन्यायाधीशांची पत्रेही परीक्षेच्या पलीकडे राहिली नाहीत.

सीलबंद पाकीट

पुढे वेगळीच पद्धत रुळली. सरकारी वकील सीलबंद पाकीट न्यायपीठाकडे सरकवतात. न्यायाधीश ते फोडतात, वाचतात, पुन्हा बंद करतात. समोरच्या वकिलाला त्यातले अक्षरही दिसत नाही, तरी निकाल मात्र त्याच्या अशिलाविरुद्ध त्याच अक्षरांवरून लागतो. मीडियावन या मल्याळम वाहिनीच्या बाबतीत हेच घडले. गृह मंत्रालयाने सुरक्षा मंजुरी नाकारली म्हणून ३१ जानेवारी २०२२ रोजी तिची परवानगी रद्द झाली. कारण विचारले तर ‘मंजुरी नाकारली’ एवढेच उत्तर. केरळ उच्च न्यायालयाने पाकीट वाचून सरकारची बाजू उचलून धरली.

५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. निकाल लिहिला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी, म्हणजे यशवंतरावांच्या चिरंजीवांनी. राष्ट्रीय सुरक्षेचे नुसते नाव घेतल्याने नैसर्गिक न्याय बाजूला ठेवता येत नाही, गुप्ततेची गरज सरकारने दाखवून द्यावी लागते आणि कमी हानीचा मार्ग उपलब्ध असेल तर तोच निवडावा लागतो, असे त्यांनी मांडले. गुप्ततेच्या दाव्याची छाननी करताना न्यायालयाने न्यायमित्र नेमावा. त्याला सामग्री दाखवावी, ती न फोडण्याची शपथ त्याने घ्यावी आणि बाधित पक्षाचे हित त्याने मांडावे, अशी सोयही त्यांनी सुचवली.

इतर देशांनी यासाठी लेखी चौकट आखली आहे. अमेरिकेत १९८० च्या कायद्यानुसार गोपनीय कागदाऐवजी त्याचा सारांश आरोपीला देता येतो आणि बचावाच्या वकिलाला सुरक्षा मंजुरी घेऊन मूळ कागद पाहण्याची वाट असते. ब्रिटनमध्ये १९९७ पासून विशेष वकील नेमले जातात, पण गुप्त सामग्री पाहिल्यानंतर त्यांना अशिलाशी त्याविषयी बोलता येत नाही. आपल्याकडे वकिलाला अशी मंजुरी देणारी कायदेशीर व्यवस्थाच नाही. ती संसदेने करायला हवी, आणि दिल्ली-मुंबईच्या नामांकित वकिलांइतकीच ती बुलढाण्याच्या बारमधल्या वकिलालाही खुली असायला हवी.

तोवर हाताशी आहे त्याचा उपयोग करावा. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम २२ नुसार तो कायदा १९२३ च्या कायद्यावर मात करतो. कलम ८(२) प्रमाणे सार्वजनिक हित मोठे असेल, तर एरवी सूट असलेली माहितीही देता येते. बुलढाण्यातल्या अर्जदाराचे दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे जाते. ‘गोपनीय आहे’ एवढेच लिहून अर्ज परत आला, तर ही दोन्ही कलमे नमूद करून अपील करावे.

देशाची खरी गुपिते जपलीच पाहिजेत. क्षेपणास्त्राचा आराखडा चव्हाट्यावर यावा असे कोणीही म्हणणार नाही. पण कोणते गुपित खरे, हे शिक्का मारणाऱ्याने ठरवायचे नाही. कागद स्वतः वाचणाऱ्या न्यायाधीशाने ते ठरवायचे, आणि ज्याचे स्वातंत्र्य पणाला लागले आहे त्याला निदान आरोपाचा गाभा कळलाच पाहिजे. साठ वर्षांत सर्वोच्च न्यायालय पायरीपायरीने इथवर पोहोचले आहे. जिल्हा न्यायालयातल्या प्रत्येक वकिलाने आणि न्यायाधीशाने ही भूमिका आपल्या दालनात लावून धरली, तरच तिचा उपयोग सामान्य माणसाला होईल.