स्कुबा कुठं करायचं? घाटावरून निघणाऱ्यांसाठी

राधानगरीतून समुद्र गाठायला फोंडा घाट हा आपला सरळ रस्ता. धरण मागं टाकायचं, दाजीपूरचं जंगल ओलांडायचं, घाट उतरून कणकवली गाठायची आणि तिथून मालवण. सगळं मिळून अंतर शंभरएक किलोमीटर. प्रवाळ असलेला समुद्र इतक्या जवळ असणं घाटमाथ्यावरच्या फार थोड्या गावांच्या नशिबी आहे. तरी आपल्याकडच्या पोरांमध्ये स्कुबाचा विषय निघाला की पहिलं नाव अंदमानचं येतं, नाहीतर थेट ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफचं. मोबाइलवर दिसणारं निळंशार पाणी पाहून जागा ठरवली जाते आणि मग पैसे साठवायला सुरुवात होते. मला हा क्रम उलटा वाटतो. आधी पाणी कसं आहे, हंगाम कुठला आहे आणि आपल्याला खाली नेणारा माणूस कोण आहे, हे पाहावं. पैशाचा हिशेब त्यानंतरचा.

प्रवाळ म्हणजे रंगीत दगड असा समज अजून आहे. प्रत्यक्षात तो टाचणीच्या डोक्याएवढ्या ते नखाएवढ्या असंख्य जिवांचा समूह असतो. हे जीव पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतात आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या घरांवर घरं चढत जातात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. त्यामुळं प्रवाळाला उजेड लागतो, पाणी उबदार लागतं आणि स्वच्छ लागतं. चार्ल्स डार्विननं 1842 साली प्रवाळभिंतींचे तीन प्रकार सांगितले. किनाऱ्याला लागून वाढलेली झालर, किनाऱ्यापासून दूर, मध्ये खोल पाणी सोडून उभी राहिलेली तटबंदी, म्हणजेच बॅरियर रीफ, आणि बेट बुडून गेल्यावर उरलेलं कंकण. लक्षद्वीप ही कंकणं आहेत. अंदमानात बहुतेक ठिकाणी झालर आहे, तर पश्चिमेच्या बाजूला लांबलचक तटबंदीही आहे. ग्रेट बॅरियर रीफ ही जगातली सर्वांत मोठी तटबंदी. ती सुमारे 2,300 किलोमीटर पसरलेली आहे आणि जवळजवळ तीन हजार वेगवेगळ्या प्रवाळभिंती मिळून बनली आहे.

मालवणात यातलं काहीच पूर्ण रूपात नाही. तिथं खडक आहेत आणि त्या खडकांवर जागोजागी प्रवाळ धरलेला आहे. याचं कारण आपल्या सह्याद्रीतच आहे. धरणाच्या बाजूला पडलेला पाऊस भोगावतीतून पंचगंगेला आणि पुढं कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातो. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर पडलेला पाऊस मात्र गड, कर्ली अशा आखूड, वेगवान नद्यांतून काही तासांत अरबी समुद्रात उतरतो. येताना तो लाल माती घेऊन येतो. पावसाळ्याचे चार महिने मालवणच्या किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ असतं, त्याचा खारटपणा उतरतो आणि गाळ प्रवाळावर बसतो. अशा पाण्यात फक्त चिवट जाती तग धरतात. त्या टिकल्या आहेत याचंच मला कौतुक वाटतं. घाटाखाली डोंगर उघडे पडले, रस्त्यासाठी उतार कापले गेले, तर त्याची माती कुठं जाते हे राधानगरीच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांत सहा-सात मीटर खाली गेलं की टर्बिनेरिया जातीचा प्रवाळ भेटतो. करडट पिवळ्या रंगाचं, कडेला दुमडलेलं एक रुंद पान खडकाला धरून असतं. दुरून ते काही फार देखणं दिसत नाही. हातभर अंतरावर थांबून पाहिलं की पानावरचे उंचवटे दिसतात. प्रत्येक उंचवट्याच्या तोंडाशी बारीक तंतूंचा झुबका बाहेर आलेला असतो आणि पाण्याबरोबर हलत असतो. पाणी जोरात ढवळलं गेलं की झुबके आत ओढले जातात. शेजारी पट्ट्यापट्ट्यांचे सार्जंट मासे फिरत असतात आणि कपारीत एखादा गोबरा तोंड बाहेर काढून बसलेला असतो. खानावळीत ताटात पाहिलेला मासा आपल्या घरात बसून आपल्याकडं बघतोय हे दृश्य विसरता येत नाही.

हा परिसर 1987 साली मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याचं क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर असून पद्मगड बेट आणि किल्ल्याभोवतीचा भाग गाभ्यात येतो. मासेमारीवर बंधनं येतील या भीतीनं मच्छीमारांनी सुरुवातीपासून त्याला विरोध केला. त्यांची बाजू समजून न घेता तिथल्या निसर्गाबद्दल बोलू नये. आपणही अभयारण्याच्या गावचे आहोत. गव्यांनी पीक तुडवलेल्या शेतकऱ्याला जे वाटतं, ते काय असतं हे आपल्याला ठाऊक आहे.

आता हंगाम. मालवणात जलक्रीडा साधारण मेअखेरीस बंद होतात आणि सप्टेंबरनंतर सुरू होतात. पण ऑक्टोबरातलं पाणी अजून निवळलेलं नसतं. सगळ्यात चांगलं पाणी डिसेंबर ते फेब्रुवारीत मिळतं. महिन्याइतकीच महत्त्वाची असते ती तिथी, आणि ती आपण पर्यटक कधी पाहत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, प्रवाह जोराचा असतो आणि तळाची वाळू उठते. अष्टमीच्या सुमाराला, एखाद-दुसरा दिवस पुढं, कोकणातला मच्छीमार जिला भांग म्हणतो ती भरती असते. तेव्हा पाण्याची ओढ कमी असते आणि तळ निवांत असतो. लक्ष्मीपूजन अमावास्येला. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत घाटावरून गर्दी मालवणात उतरते ती नेमकी उधाणात, तीही पावसाळ्याचा गाळ पुरता बसलेला नसताना. बोटीही भरलेल्या असतात. दोन-तीन मीटरपलीकडचं दिसत नाही आणि माणूस घरी येऊन सांगतो, मालवणात काही नाही. त्याच माणसानं मार्गशीर्षातली किंवा पौषातली अष्टमी धरली, तर त्याच खडकांवर सात-आठ मीटर लांबचं दिसू शकतं. दिनदर्शिका प्रत्येकाच्या भिंतीवर असते. ती पाहून सुट्टी टाकावी.

वेळही निवडावी. सकाळी वारा कमी असतो, दुपारनंतर तो वाढतो आणि समुद्र खवळतो. म्हणून पहिली बोट धरावी.

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात स्कुबा करवणारे बरेच आहेत आणि दरात फरक आहे. दर शेवटी विचारावा. आधी विचारायचं ते असं: एका प्रशिक्षकाबरोबर पाण्यात किती जण असतील? खाली जाण्याआधी उथळ पाण्यात सराव घेणार का? बोटीवर ऑक्सिजन आहे का? मेरिटाइम बोर्डाचा परवाना आहे का, बोटीची क्षमता किती आणि आज त्यात किती माणसं बसणार? मे 2022 मध्ये तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. पाण्याखालचा धोका सगळे विचारतात, पण पाण्यावरचा कोणी विचारत नाही. लाइफ जॅकेट अंगात असल्याशिवाय बोट सुटू देऊ नये. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं दुखणं असेल किंवा नुसती सर्दी असेल तरी ती लपवू नये. तब्येतीचा फॉर्म न वाचता सही करायला लावणाऱ्याकडून उठून यावं.

फोटोत मासे यावेत म्हणून पाव किंवा बिस्किटं टाकून त्यांना गोळा करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्यानं माशांच्या सवयी बिघडतात, शेवाळ खाऊन प्रवाळ साफ ठेवणारे मासे पावाकडं वळतात आणि त्याच गर्दीत कोणाचा तरी पाय प्रवाळावर पडतो. बोटभर वाढायला त्याला वर्षं लागलेली असतात. बोटीत चढतानाच सांगून ठेवावं, की आम्हाला पाव नको. गिऱ्हाइकांनी मागणं सोडलं तर ही पद्धत आपोआप जाईल, असं मला मनापासून वाटतं.

ज्याला एका अनुभवावर थांबायचं नाही, त्यानं तारकर्लीलाच कोर्स करावा. एमटीडीसीची स्कुबा प्रशिक्षण संस्था तिथं आहे. पहिला ओपन वॉटर कोर्स साधारण चार दिवसांचा असतो आणि तो झाला की 18 मीटरपर्यंत जाता येतं. आपल्याकडच्या विहिरीत, नदीत पोहायला शिकलेल्या पोरांना पाण्याची भीती नसते, ही मोठी जमेची बाजू. विहिरीच्या तळाशी सूर मारताना कान दाबला जातो ते त्यांना माहीत असतं. दहा मीटरवर हवेचा दाब दुप्पट होतो, म्हणून दर मीटरभर उतरताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची. विहिरीतली एक सवय मात्र मोडावी लागते, ती श्वास रोखायची. टाकीतली हवा घेतल्यावर श्वास रोखून वर येणं जिवावर बेतू शकतं, कारण दाब उतरताच फुप्फुसातली हवा फुगते.

आणखी एक गोष्ट घाटावरच्यांनाच लागू होते, म्हणून कोकणातला प्रशिक्षक ती सांगेलच असं नाही. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन शरीरात मुरतो आणि वर आल्यावर काही तासांत हळूहळू बाहेर पडतो. या काळात उंचावर गेलं तर तो बुडबुड्यांच्या रूपानं सुटून सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत त्रास देऊ शकतो. म्हणूनच स्कुबानंतर विमानात बसण्याआधी एका डाइव्हनंतर निदान 12 तास आणि अनेक डाइव्हनंतर निदान 18 तास थांबावं, असं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था सांगते. हा हिशेब 2,000 फुटांपासून, म्हणजे सुमारे 600 मीटरपासून सुरू होतो. राधानगरीचा परिसर आणि घाटमाथ्याचा रस्ता त्याच्या आसपास येतो. किल्ल्याजवळ सहा मीटरवर पंधरा-वीस मिनिटं घालवणाऱ्याला धोका फार थोडा असतो. पण कोर्स करून दिवसात दोन-तीनदा 15-18 मीटरवर गेलेल्या माणसानं संध्याकाळीच गाडी काढून फोंडा घाट चढू नये. रात्र मालवणात काढावी आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर निघावं.

मालवणच्या दक्षिणेला निवतीसमोर आणि वेंगुर्ल्याजवळ खडकाळ बेटांचा पुंजका आहे. तिथलं पाणी किनाऱ्यापेक्षा खोल आणि स्वच्छ असतं, पण प्रवाहही जोराचा असतो, म्हणून ते शिकलेल्यांसाठी. याच भागात नौदलातून जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही युद्धनौका समुद्रतळाशी बसवून कृत्रिम प्रवाळभिंत आणि संग्रहालय करण्याचा प्रकल्प राज्यानं हाती घेतला आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं बुडालेलं पठार. नद्यांचा गाळ तिथवर पोचत नाही, त्यामुळं मालवणला न मिळालेला बहर तिथल्या प्रवाळाला मिळाला. पण पठाराचा माथाच वीसेक मीटर खोल आहे आणि जवळ जमीन नाही. आज ती संशोधकांची जागा आहे आणि काही वर्षं तशीच राहिलेली बरी.

कोर्स झाल्यावर पुढची पायरी म्हणून मी मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणीला पसंती देतो. कर्नाटकातलं हे बेट किनाऱ्यापासून 19 किलोमीटर आत आहे आणि पाणी मालवणपेक्षा बरंच नितळ असतं. गोव्याच्या ग्रँडे बेटाजवळ जुनी बुडालेली जहाजं पाहायला मिळतात, पण पाण्याचा भरवसा नाही. लक्षद्वीपला परवाना आणि खर्च दोन्ही लागतात. तिथल्या प्रवाळानं 1998, 2010 आणि 2016 सालच्या उष्णतेच्या लाटा सोसल्या आहेत. अंदमानातलं स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक, नवशिक्यापासून जाणत्यापर्यंत सगळ्यांना पुरतं. जानेवारी ते एप्रिल हा तिथला काळ.

ग्रेट बॅरियर रीफला जायचंच असेल, कोणी नातेवाईक ब्रिस्बेनला किंवा सिडनीला असेल, तर आधी एवढं समजून घ्यावं की रीफ म्हणजे एक जागा नव्हे. तिची उत्तर-दक्षिण लांबी कन्याकुमारीहून दिल्लीच्या अंतराशी तुलना करण्याजोगी आहे. केर्न्सहून सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्या मोठ्या बोटी बहुतेकांना ठाऊक असतात. पण किनाऱ्याजवळच्या आणि बाहेरच्या रीफमध्ये पाण्याचा फार फरक पडतो, म्हणून बाहेरची रीफ मागून घ्यावी. पोर्ट डग्लसहून एजिनकोर्ट रीफ गाठता येते. उत्तरेच्या रिबन रीफ आणि ऑस्प्रे रीफला जायचं तर बोटीवरच काही रात्री राहावं लागतं. 1911 साली वादळात बुडालेलं ‘योंगाला’ जहाज टाउन्सव्हिलजवळच्या समुद्रात आहे. त्यावर माशांची दाटी अफाट आहे, पण प्रवाह आणि खोली पाहता पंचवीस-तीस डाइव्ह पदरी असल्याशिवाय तिकडं जाऊ नये. मांटा पाकट पाहायचे तर दक्षिण टोकाचं लेडी एलियट बेट. आपला उन्हाळा-पावसाळा तिथं लागू होत नाही. नोव्हेंबर ते मे हा विषारी जेलीफिशचा काळ असतो आणि त्यातच चक्रीवादळं येतात. जून ते ऑक्टोबर पाणी गार पण नितळ.

आणि ही रीफही आजारी आहे. 2016, 2017, 2020, 2022 आणि 2024 असे उन्हाळे आले, की पाणी तापून प्रवाळानं आतलं शैवाल टाकलं आणि मैलोन्‌मैल रीफ पांढरी पडली. काही भाग सावरला, काही मेला. पाच वर्षांपूर्वीच्या चित्रफितीत दिसणारी जागा आज तशी असेलच असं नाही. ग्रेट बॅरियर रीफ मरीन पार्क ऑथॉरिटी रीफच्या प्रकृतीचे अहवाल नेमानं प्रसिद्ध करते. त्यात कुठल्या पट्ट्याला किती झळ लागली ते दिलेलं असतं. तिकीट काढण्याआधी आपण जाणार त्या पट्ट्याचा ताजा अहवाल वाचावा आणि तिथं जे शिल्लक असेल त्यावरून बोट ठरवावी.