विश्लेषण : क्लासिक मोटारींचे मूळ डिस्क ब्रेक पुन्हा कसे जिवंत होतात?

रंग नवा, क्रोम चकचकीत, इंजिनही एका चावीत सुरू. पण ब्रेक लावताच गाडी डावीकडे ओढते. वर्षानुवर्षे गॅरेजमध्ये उभ्या राहिलेल्या क्लासिक मोटारींमध्ये ही तक्रार नेहमीची. दोष बहुधा पुढच्या चाकातील ‘कॅलिपर’चा असतो. तो बदलायचा की मूळ कॅलिपरच दुरुस्त करायचा?

डिस्क ब्रेक मोटारीत कधी आले?

फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये इंग्लंडमध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. मात्र त्याची खरी ताकद दिसली १९५३ च्या ‘ल मान्स’ शर्यतीत. डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने ती जिंकली. १९५५ मध्ये सित्रोएन डीएस आणि १९५६ मध्ये ट्रायम्फ टीआर३ यांच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक मिळाले. टीआर३ चे ब्रेक गर्लिंग कंपनीचे होते.

कॅलिपर बिघडतो कशाने?

त्या काळच्या अनेक कॅलिपरमध्ये डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक पिस्टन असतो. पॅडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतात. पाय उचलला की ताणलेले रबरी सील मूळ आकारात येते आणि पिस्टनला किंचित मागे खेचते. आपण ‘ऑइल’ म्हणत असलो तरी हा द्रव बहुधा ग्लायकॉलवर आधारित असतो आणि हवेतील ओलावा शोषतो. त्या पाण्याने पिस्टनवरील क्रोमखाली गंज धरतो, खड्डे पडतात आणि पिस्टन अडकतो. मग एक चाक तापते, एक पॅड लवकर झिजतो.

दोष कॅलिपरचाच कशावरून?

कधी कधी जुना रबरी होज आतून फुगतो. दाब जातो, पण परत येत नाही. अडकलेल्या चाकाचा ब्लीड निपल सैल करताच चाक मोकळे झाले, तर आधी होज आणि मास्टर सिलिंडर तपासावा. तरीही चाक जाम राहिले, तर कॅलिपर उघडावा.

दुरुस्ती कशी होते?

जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्यामुळे धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कॅलिपर उतरवण्यापूर्वी पॅडलच्याच दाबाने पिस्टन बरेचसे बाहेर आणता येतात. कॉम्प्रेसरची हवा वापरलीच, तर दाब कमी ठेवावा आणि मध्ये लाकडाचा ठोकळा धरावा. सुटलेला पिस्टन बोटे चिरडू शकतो. कॅलिपरचे दोन अर्धे भाग वेगळे करू नयेत, असे अनेक जुन्या मॅन्युअलमध्ये बजावलेले आहे.

सील बॉडीच्या खाचेत बसते आणि पिस्टन त्यावरून सरकतो. म्हणून खाच गंजमुक्त हवी आणि पिस्टन गुळगुळीत. खड्डे पडलेला पिस्टन घासून वापरू नये, स्टेनलेस स्टीलचा नवा घालावा. सील नेहमी नवेच. सफाईला रॉकेल, पेट्रोल किंवा ग्रीस नको. त्याने रबर फुगते. जोडणी ताज्या ब्रेक ऑइलने किंवा रबर ग्रीसने करावी.

मूळ भागच का जपायचे?

बॉडी ओतीव लोखंडाची असते. ती तडकलेली नसेल तर पिस्टन आणि सील बदलून पुन्हा वापरता येते. शिवाय मूळ भाग टिकले तर गाडीचे ऐतिहासिक मोलही टिकते. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते.

रस्त्यावर आणण्यापूर्वी...

हवा पूर्ण काढा. पॅडल कडक होईपर्यंत दाबा, गळती पाहा आणि पहिली चाचणी मोकळ्या जागेत, कमी वेगात घ्या. डॉट ४ द्रव कोरडा असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात ब्रेक तापल्यावर हाच फरक जिवावर बेततो. म्हणून गाडी वर्षभर उभी असली, तरी दर दोन वर्षांनी द्रव बदलावा.